चौथ्या नळीचं रीडिंग

गिरिजा बिराजदारचं रीडिंग आयुष्यात कधी चुकलं नव्हतं.

बारावीला तिने ब्युरेट हातात घेतली की तिन्ही वेळा तोच आकडा यायचा, अगदी दशांशासकट. लोलक हलवला की गुरुत्वाकर्षण पुस्तकात छापलंय तेवढंच भरायचं. हाताला गुण म्हणावा तर तो तिचा नव्हता, तिच्या वडिलांचा होता. लातूरजवळच्या औशाच्या एका ज्युनिअर कॉलेजात बिराजदार सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि प्रॅक्टिकलला त्यांच्या मुलांचे मार्क कधी जात नसत. पद्धत साधी होती. प्रयोग सुरू व्हायच्या आधी सर फळ्याच्या कोपऱ्यात उत्तर लिहून ठेवत. "कुठं उतरायचंय ते आधी ठरवावं, मग गाडीत बसावं," असं ते म्हणत. मुलं उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग जुळवत, आणि बाहेरून आलेले परीक्षक चहा पिऊन, सही करून, समाधानाने एस.टी. पकडत. यात काही वावगं आहे असं औशात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सरांच्या तर मुळीच नाही. पोरांचं भलं व्हावं एवढंच त्यांना कळत होतं. "मला माहीत नाही" हे वाक्य आपण वर्गात एकदाही उच्चारलेलं नाही, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत.

अशी ही गिरिजा कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगराला टेकून उभ्या असलेल्या एका नव्या कॉलेजात आली, तीही संशोधन शाखेत. तिथे पहिल्याच सेमिस्टरपासून मुलांना खऱ्या प्रयोगावर घेत. आणि तिथे अनुमान होतं.

अनुमान म्हणजे चालताबोलता यंत्रमानव नव्हे. जगभरातल्या प्रयोगशाळांतले आजवरचे बहुतेक प्रयोग त्या यंत्रणेच्या पोटात होते, जमलेलेही आणि फसलेलेही. नव्या प्रयोगाची माहिती भरली की उत्तर किती येईल आणि त्या उत्तराची खात्री किती, हे ती सांगे. बहुतेकदा ते बरोबर निघे. औषधं लवकर सापडू लागली, फुकट जाणारी वर्षं वाचली, हे सगळं चांगलंच झालं. मग विद्यापीठांना एक युक्ती सुचली. खोटे आकडे देऊन पदवी मिळवणारे महाभाग पकडायचे कसे? तर प्रत्येक विद्यार्थ्याचे आकडे अनुमानाशी ताडून बघायचे. जुळले की त्याचा विश्वासांक वर, नाही जुळले की खाली. ठरलेल्या रेषेच्या खाली गेला तो विद्यार्थी संशोधनातून बाहेर, साध्या पदवीच्या वर्गात. चोरांसाठी लावलेलं हे कुलूप होतं आणि त्याची किल्ली, म्हणजे अनुमानाचं उत्तर, मोबाइलवर सगळ्यांना दिसत होती.

गिरिजाला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. फळ्याचा कोपरा तेवढा मोठा झाला होता.

तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. फरीदा मुजावर. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आणि पायात कायम कोल्हापुरी चपला. पहिल्या दिवशी त्यांनी तिला खिडकीशी उभ्या केलेल्या पारदर्शक नळ्या दाखवल्या. प्रत्येकीत वेगवेगळ्या शेतातली माती आणि तिच्यात मिसळलेली काळ्या दगडाची पूड होती. वरून थेंबथेंब पाणी पडत होतं आणि खालच्या बाटलीत झिरपत होतं.

"पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो," मॅडम म्हणाल्या, "आणि त्याचं किंचित आंबट पाणी होतं. आपल्या सह्याद्रीचा हा काळा दगड त्या आंबट पाण्याला बळी पडतो. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं आणि कार्बन त्यांच्याबरोबर बायकार्बोनेट होऊन पाण्यातून वाहून जातो. एकदा समुद्रात गेला की हजारो वर्षं परत यायचं नाव नाही. खडीच्या क्रशरवर पडून राहिलेली ही पूड शेतात टाकली तर हवा किती साफ होईल, हे बघायचंय. बाटलीतल्या पाण्यात बायकार्बोनेट किती, ते तू मोजायचं. त्यात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून आम्ल सोड. पिवळा रंग नारिंगी झाला की थांब."

"पण मॅडम, नळ्यांना सेन्सर आहेत की."

"आहेत ना. त्यांचा आकडा वेगळा आला की अनुमान समजतं, सेन्सर बिघडला. मग त्याला आपल्या उत्तराप्रमाणे दुरुस्त करतं. मला असा एक साक्षीदार पाहिजे, ज्याला उत्तर आधी कुणी सांगितलेलं नाही."

एवढं बोलून त्यांनी अनुमानाचं उत्तर दाखवणाऱ्या टेबलावरच्या स्क्रीनवर एक धुवट पंचा टाकला. रीडिंग लिहून झाल्याशिवाय तो काढायचा नाही, हा तिथला नियम होता. साक्षीदारही दोन होते. त्याच मातीच्या नळ्यांचा दुसरा संच शेजारच्या खोलीत दुसऱ्या वर्षाचा निनाद चौगुले सांभाळायचा. दोघांनी आपापलं मोजायचं आणि एकमेकांना विचारायचं नाही.

गिरिजाने पंचा कधीच काढला नाही. ती मोबाइल बघायची. याला नियम मोडणं म्हणतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कुठं उतरायचंय ते बघितल्याशिवाय गाडीत बसतात का कुठे?

पहिल्या तीन नळ्यांचे आकडे तसेही अनुमानाच्या जवळ आले. तिने ते थोडे आणखी जवळ सरकवले. चौथ्या नळीला मात्र रंग भलताच लवकर बदलला. अनुमान सांगत होतं बारा मिलिलिटर आम्ल लागेल, आणि सातालाच पाणी नारिंगी. आपला हात बिघडला, प्रवासाने असेल, असं म्हणून तिने पुन्हा केलं. पुन्हा सात. मग तिने लिहिलं अकरा पूर्णांक नऊ, कारण नेमके बारा लिहिणं बरं दिसत नाही हेही तिला औशातच शिकवलेलं होतं. पुढच्या प्रत्येक आठवड्यात चौथी नळी तशीच वागली आणि गिरिजाही.

सेमिस्टर अर्धं होईतो तिचा विश्वासांक पहिल्या वर्षात सर्वांत वर होता. अप्पांनी, म्हणजे बिराजदार सरांनी, स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

"आता खरं सांग," ते फोनवर म्हणाले, "तिथले लोक काय म्हणायलेत? औशाची पोरगी म्हणून तोंडात बोट घालायलेत का नाही?"

"घालायलेत, अप्पा," ती हसून म्हणाली. पण चौथ्या नळीचा विचार तिच्या मनात खड्यासारखा टोचत होता.

त्याच आठवड्यात मुजावर मॅडमनी निनादला बोलावलं. गिरिजा तिथेच बाटल्या विसळत होती. निनादचा विश्वासांक रेषेखाली गेला होता आणि कॉलेजच्या समितीने त्याला संशोधन शाखेतून काढायचं ठरवलं होतं.

"मी तुझ्या बाजूनं भांडले असते रे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "पण त्याच मातीवर गिरिजाचा आकडा अनुमानाशी जुळतोय. मी त्या लोकांना सांगू काय?"

गिरिजाच्या हातातली बाटली सिंकमध्ये आपटली. फुटली नाही, पण दोघांनी वळून बघितलं.

"सॉरी," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निनाद स्वतःच तिच्या टेबलाशी आला. एरवी तो आला की आधी तिची खेचायचा, "काय लातूरकर, आज किती दशांशापर्यंत?" असं विचारायचा. आज त्याने अ‍ॅप्रन घडी करून काखेत धरला होता.

"गिरिजा, एक काम हाय. माझं चुकतंय कुठं ते काय मला समजंना. चौथ्या नळीला रंग लवकरच बदलतोय. आमच्या घरात असल्या कामाला कुणाचा हात लागलेला नाही, त्यामुळं असंल. जायच्या आधी एकदा तू करून दाखव की. नुसतं बघतो."

तो खरंच शिकायला आला होता. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. नाही म्हणायला तिला एकही कारण सापडलं नाही. मोबाइल खिशात होता, स्क्रीनवर पंचा होता आणि निनाद स्टूल ओढून समोर बसला होता. तिने चौथ्या नळीचं पाणी घेतलं, ब्युरेटची तोटी फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा, उत्तराकडे न बघता, नुसत्या पाण्याकडे बघत राहिली.

पिवळं, पिवळं, पिवळं. मग एक थेंब पडला आणि सगळं नारिंगी झालं. सात.

"अगं, माझ्यासारखंच चुकलं की तुझंबी!" निनाद आनंदाने ओरडला.

"थांब," ती म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा सात. एखादा थेंब इकडेतिकडे. असा आपोआप जुळलेला आकडा तिने कधी खरा मानलाच नव्हता. आजवर जुळत आलेले सगळे तिने स्वतः जुळवलेले होते.

निनादचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "मग तू रोज लिहितीस ते काय?"

ती बाहेर गेली आणि तिने व्हरांड्यातून अप्पांना फोन लावला. आज एक रीडिंग चुकलं असं म्हणून गप्प बसायचं, की सगळं सांगायचं? सांगितलं तर विश्वासांक जाणार, शाखा जाणार, पेढेही गेल्यात जमा. नाही सांगितलं तर निनाद जाणार, आणि आपला हातच वाईट असं समजत जाणार.

"अप्पा, आज एक रीडिंग चुकलं," तिच्या तोंडून निघालं.

"एक रीडिंग चुकलं म्हणून कुणी रडतंय का येडे?" अप्पा म्हणाले. "मागचे सगळे बरोबर हायेत ना? मग झालं की."

"मागचे सगळे चूक हायेत, अप्पा. आजचंच बरोबर हाय."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अप्पा, फळ्यावरचं उत्तरच चुकीचं असलं तर काय करायचं?"

"तासाची घंटा झाली," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. घंटा झाली नव्हती. झाली असती तर तिला ऐकू आली असती.

ती आत आली आणि तिने मॅडमना सगळं सांगितलं. मोबाइलचं, अकरा पूर्णांक नऊचं, पहिल्या आठवड्यापासूनचं. निनाद दारात उभा राहून ऐकत होता. आता मॅडम मायेने पाठीवरून हात फिरवतील अशी वेडी आशा तिला वाटत होती. मॅडम रागावल्या. चांगल्याच रागावल्या.

"तुझ्या एका आकड्यापायी या पोराचं आयुष्य वाकड्या वाटेला लागत होतं, कळतंय का तुला? आणि मी शहाणी! दोन साक्षीदार ठेवले म्हणून बिनघोर झोपत होते."

निनाद तर निघूनच गेला.

त्या बोलण्याबद्दल गिरिजा आजही मॅडमचे उपकार मानते. समजूत घातली असती तर ती रडून मोकळी झाली असती आणि पुढच्या वेळी पुन्हा बारा लिहिले असते.

तिने स्क्रीनवरचा पंचा काढला आणि आपले सगळे जुने आकडे रद्द करायला घेतले. अनुमानाने विचारलं, "नोंदी रद्द केल्यास तुमचा विश्वासांक किमान पातळीखाली जाईल. पुढे जायचे?" तिने "हो" वर बोट ठेवलं. हिरवा आकडा लाल झाला. मग तिने खरे सात लिहिले आणि तो आणखी खाली आला.

मॅडमनी तोवर चहा मागवला होता. राग संपलेला नव्हता, पण त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. "घे. आता मला सांग, चौथ्या नळीला रंग लवकर का बदलतो?"

गिरिजाने घशाशी आलेली तीन पाठ उत्तरं गिळली. "मला माहीत नाही, मॅडम."

"मलाही नाही. अनुमानालाही नाही." मॅडम पहिल्यांदा जराशा हसल्या. "म्हणजे आता तुझं संशोधन सुरू झालं म्हणायचं."

शोधायला त्यांनी सुरुवात साध्या गोष्टीपासून केली. पाण्यातलं कॅल्शियम मोजलं, तर ते अनुमानाने सांगितलं तेवढंच होतं. म्हणजे दगड विरघळत होता. बायकार्बोनेट मात्र कमी. दगड विरघळवणारं आम्ल हवेतल्या कार्बनपासून आलेलं नसून दुसरंच काही असणार. मॅडमनी नायट्रेट मोजायला सांगितलं आणि ते भरमसाट निघालं. मातीत कुठून तरी खूप नत्र आलं होतं, जिवाणूंनी त्याचं तीव्र आम्ल केलं होतं, आणि दगड त्यालाच बळी पडत होता. हवेतला कार्बन जिथल्या तिथेच राहिला. पण शेताच्या माहितीत तर रासायनिक खत नाही, शेणखत नाही, असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"माती कुणी आणली होती?" मॅडमनी विचारलं.

माती निनादने आणली होती. तीन दिवस तो गिरिजाशी बोलला नव्हता. ती त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"निनाददादा, माझं चुकलं. तू नको बोलूस माझ्याशी. फक्त चौथ्या नळीचं शेत कसं होतं तेवढं सांग."

तो तोंड फुगवून बसलेला होता, पण प्रश्न ऐकून त्याच्यातला संशोधक जागा झाला. संशोधक रुसून फार वेळ बसू शकत नाही. "शेत? शेत काय, साधंच. उन्हाळ्यात तिथं मेंढरं बसवलेली म्हणं. मालकीण सांगत हुती, धनगराचा अख्खा कळप हुता."

गिरिजा तशीच मॅडमना बोलवायला धावली.

धनगर कळप घेऊन येतात, रात्री मेंढरं शेतात बसतात आणि त्यांच्या लेंड्यांनी, मुताने रान खतावतं. ही पद्धत निनादला माहीत होती, गिरिजाला माहीत होती, मॅडमनाही माहीत होती. पण अनुमानाच्या रकान्यात कुठलं खत टाकलं एवढंच विचारलेलं होतं, आणि मालकिणीने काही टाकलं नव्हतं. मेंढरं बसली होती. रविवारी तिघं त्या शेतावर गेले, बसलेल्या आणि न बसलेल्या वावरांतून वेगवेगळी माती आणली आणि नव्या नळ्या भरल्या. मॅडमच्या चपला चिखलाने भरल्या तरी त्यांना पत्ता नव्हता. या खेपेला निनाद आणि गिरिजा, दोघांच्याही मोबाइलवर मॅडम पहारा ठेवून बसल्या होत्या. मेंढरं बसलेल्या प्रत्येक मातीला रंग लवकर बदलला. बाकीच्या एकीलाही नाही.

शोध म्हणावा तर छोटासाच, आणि तोही नकारी. अशा शेतात पूड टाकून हवा फारशी साफ होणार नाही, तिथे आधी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागेल. पण कुठे टाकू नये हे न कळता गावोगाव पूड पसरली असती, आणि कागदावर साफ झालेली हवा प्रत्यक्षात तशीच राहिली असती. जगात आणखी कितीजणांनी आपले सात पुसून बारा लिहिले असतील, कोण जाणे. अनुमानाची खात्री त्याच बारांवर वाढत आली होती.

समितीने निनादला शाखेत ठेवलं आणि त्याची माफीही मागितली. गिरिजाला पुढच्या सेमिस्टरपुरतं साध्या वर्गात जावं लागलं. नियम तो नियम. मॅडमनी तिच्यासाठी शब्द टाकला नाही, तिनेही मागितला नाही.

"दुपारी चारनंतर लॅब उघडी असते," मॅडम एवढंच म्हणाल्या. "मार्क नाहीत, अंक नाही. बाटल्या विसळाव्या लागतील."

"येईन," गिरिजा म्हणाली.

"ये की, लातूरकर," निनाद मागून म्हणाला. "सात आकड्यावाल्यांची युनियन काढू."

महिन्याभराने अनुमानात एक नवा रकाना आला. जगात कुठेही कुणी मातीचा प्रयोग मांडला की आता त्याला विचारलं जातं, या जमिनीवर जनावरांचा कळप बसला होता का? खाली कुणाचं नाव नाही. गिरिजाने तो रकाना बघितला आणि मुजावर मॅडमना नुसता फोटो पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, "बाटल्या कोरड्या करायच्या राहिल्यात."

सेमिस्टर संपल्यावर ती औशाला गेली. त्या फोननंतर अप्पा फक्त "जेवलीस का?" आणि "थंडी हाय का?" एवढंच विचारत आले होते. शाखा सुटल्याचं तिने आईला सांगितलं होतं, आईने अप्पांना. त्यावर ते काय म्हणाले, हे आईने सांगितलं नाही. घरीही तो विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालता घालता म्हणाले, "लॅबमध्ये येतीस का? बारावीचं प्रॅक्टिकल हाय."

ती गेली. तोच आम्लाचा वास, त्याच चिरा गेलेल्या फरशा. मुलं ब्युरेटी भरत होती आणि माना वळवून वळवून फळ्याचा कोपरा बघत होती. कोपरा पुसलेला होता.

पहिल्या बाकावरच्या मुलीने शेवटी हात वर केला. "सर, उत्तर किती यायला पाहिजे?"

अप्पांनी खडू उचलला. गिरिजाला वाटलं, आता ते लिहिणार. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी खडू पुन्हा खाली ठेवला आणि हात झटकले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. वाक्य नवं होतं, जिभेला जड जात होतं. "तुझं किती आलं?"

"सर, माझं सगळ्यांपेक्षा वेगळंच येतंय."

सगळा वर्ग हसला. अप्पा हसले नाहीत. ते तिच्या बाकापाशी गेले, चष्मा वर केला आणि ब्युरेटच्या पातळीशी डोळा नेऊन वाकले. मग तसेच वाकलेले असताना त्यांनी दाराकडे बघितलं.

"गिरिजा, तू बी ये गं इकडं," ते म्हणाले. "दोघं मिळून बघू."